सिकलसेल आणि महाविद्यालयीन तरुण

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. जिल्हा रुग्णालयही याच भागात आहे. अशा रुग्णालयात गरोदर स्त्री आली की तिचे रक्त तपासले जाते, आणि लहान मुलांपर्यंत शाळांमधून होणारी आरोग्यतपासणी पोहोचते. या दोहोंच्या मध्ये अठरा ते पंचवीस वर्षांचा पुरुष मात्र सहसा कोणत्याच तपासणीच्या वाटेवर येत नाही. एरवी यात फारसे बिघडत नाही, कारण शरीराच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत जोमाचा असतो. परंतु छत्तीसगडात व त्याला लागून असलेल्या विदर्भात एक आनुवंशिक विकार असा आहे की, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा महाग पडते. हा विकार म्हणजे सिकलसेल.

या रोगाच्या वैद्यकीय इतिहासाचा प्रारंभच मुळी एका महाविद्यालयीन तरुणापासून होतो. ग्रेनेडा या वेस्ट इंडीजमधील बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा विद्यार्थी दंतवैद्यक शिकण्यासाठी 1904 मध्ये शिकागोला आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांना लांबट, विळ्याप्रमाणे वाकलेल्या पेशी दिसल्या, आणि 1910 मध्ये डॉ. जेम्स हेरिक यांनी या रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. नोएलने आजारपण सोसत 1907 मध्ये पदवी मिळवली, मायदेशी परतून व्यवसाय केला, आणि 1916 मध्ये फुप्फुसाच्या विकाराने वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

पेशी वाकते का, याचे उत्तर पुढे मिळाले. तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये दोष या प्रथिनात असतो, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रम यांनी हा दोष एका अमिनो आम्लाच्या बदलापुरता आहे, हे सिद्ध केले. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, एवढाच तो फरक. प्राणवायू कमी झाला की असे सदोष हीमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब धागे बनवते, पेशी ताठर होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून बसते. पलीकडील भागाचा रक्तपुरवठा तुटतो व असह्य वेदना सुरू होतात.

मध्य भारतात हा दोष असल्याचे नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या संशोधकांनी 1958 मध्ये दाखवले. तो केवळ आदिवासींचा रोग आहे, अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते, पण ती चुकीची आहे. छत्तीसगडात साहू, कुर्मी यांसारख्या शेतकरी व व्यावसायिक समाजांतही तो बराच आढळतो. ज्यांना आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाले ते वाहक होत. मलेरियाच्या घातक प्रकारापासून त्यांना बालपणी काही संरक्षण मिळते, म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले.

ज्याला दोन्हीकडून सदोष जनुक मिळाले, त्या रुग्ण तरुणाचे महाविद्यालयीन जीवन कसे असते? शाळेत असताना त्याचे पाणी पिणे, पांघरूण घेणे, ताप आला की दवाखाना गाठणे हे सारे आई पाहत असते. वसतिगृहात हा भार एकाएकी त्याच्यावर येतो. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. पुरेसे पाणी न पिणे, जागरण, थंड पाण्यात पोहणे, अंगावर काढलेला ताप यांपैकी कशानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. झटका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे सोबती त्याला ढोंगी समजतात आणि तोही दुखणे लपवू लागतो. जांघेतील सततचे दुखणे असेच दडपले जाते. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजत असल्याची ती खूण असू शकते.

याहूनही अधिक लपवली जाणारी एक तक्रार आहे, आणि ती पुरुषांचीच आहे. लैंगिक इच्छा नसताना शिश्न ताठर होते व तासन्‌तास तसेच वेदनामय राहते. लाजेपोटी कोणी बोलत नाही. चार तासांहून अधिक काळ ही स्थिती राहिल्यास कायमची इजा होऊ शकते, म्हणून त्याच रात्री रुग्णालय गाठणे अगत्याचे असते. पाठ्यपुस्तकांत या गोष्टीचा उल्लेख सहसा नसतो, हे खेदजनक आहे.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मात्र ते चालू असताना शुक्रजंतूंची संख्या घटू शकते, हे तरुणाला आधी सांगितले पाहिजे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. हजेरी व परीक्षा यांसंबंधी महाविद्यालयाशी बोलताना ही माहिती विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते.

वाहकाची गोष्ट निराळी. तो निरोगी असतो. पोलीस वा सैन्यभरतीसाठी भर उन्हात धावण्याचा सराव करताना मात्र त्याने पाणी व विश्रांती यांत हयगय करू नये. अमेरिकी सैन्यातील सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या पाहणीत (2016) वाहकांचा मृत्युदर इतरांहून अधिक आढळला नाही, परंतु अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका अधिक आढळला.

वाहकाचा खरा प्रश्न विवाहाशी निगडित आहे. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. आज पुष्कळदा पत्नीच्या गरोदरपणात तिचा दोष कळतो, त्यानंतर पतीला बोलावले जाते, आणि तोपर्यंत गर्भाच्या तपासणीचा सोयीचा काळ उलटून गेलेला असतो. दोष केवळ तिचाच, असे सासरी ठरून गेलेले असते ते वेगळेच. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अपेक्षित आहे. महाविद्यालयीन तरुण त्यात येतोच. बोटाच्या टोकातून रक्ताचे काही थेंब घेऊन पहिली चाचणी होते. ती सदोष आल्यास वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पद्धतीने ठरते. हा निष्कर्ष जन्मभर बदलत नाही, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी रक्तगटासोबत एकदाच केलेली तपासणी विवाहाच्या बोलणीपर्यंत पुरते.