यहोयादा असेपर्यंत

शास्त्राच्या तासाला राजांचीं नांवें पाठ करण्याचा प्रसंग आला म्हणजे वर्गांत जो कंटाळा पसरतो तो आम्हांस नवा नाहीं; विद्यार्थी असतांना आम्हींही तो अनुभविला आहे. कोणता राजा कोणाचा पुत्र, त्यानें किती वर्षें राज्य केलें, तो चांगला कीं वाईट, एवढें तीन रकान्यांत मांडलें कीं परीक्षेपुरतें काम भागतें. परंतु कांहीं राजे ह्या रकान्यांत नीट बसत नाहींत, व त्यांपैकीं एक यहूदाचा राजा योवाश हा होय. उत्तरपत्रिकांत त्याजविषयीं बहुधा एवढेंच लिहिलेलें असतें कीं, तो सातव्या वर्षीं गादीवर बसला व त्यानें मंदिराची दुरुस्ती केली. हें खरें आहे, व त्याला आम्ही गुणही देतों. पण हें अर्धें उत्तर झालें. उरलेलें अर्धें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायांत आहे. ह्या वर्षीं शाळा सोडून जाणाऱ्या मुलामुलींपुढें व त्यांच्या आईबापांपुढें आम्हांस तेंच मांडावयाचें आहे. वाचकांनीं राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे ११ व १२ हे अध्यायही जवळ ठेवावे.

यहूदाच्या राजघराण्यावर तो काळ मोठा कठीण होता. अहज्या राजा उत्तरेकडे येहूच्या हातून मारला गेला. ती वार्ता कानीं पडतांच त्याची आई अथल्या, जी इस्राएलाचा राजा अहाब ह्याची कन्या होती, तिनें राजवंशाचा संहार मांडला व गादी आपण घेतली. आजीच्या हातून नातवंडें मरावीं, इतका राज्यलोभ अनिवार झाला होता. त्या कत्तलींतून एक तान्हें मूल वांचलें. अहज्याची बहीण यहोशेबा हिनें त्याला त्याच्या दाईसह शयनगृहांत लपविलें, आणि पुढें सहा वर्षें तें मूल परमेश्वराच्या मंदिरांत गुप्तपणें वाढलें. यहोशेबा ही यहोयादा याजकाची पत्नी. म्हणजे ज्या वयांत मुलें आईचा पदर धरून आळींत हिंडतात, त्या वयांत योवाशानें मंदिराच्या भिंतींखेरीज दुसरें जग पाहिलें नाहीं. व ज्या पुरुषानें त्याला बापाप्रमाणें वाढविलें, तो मंदिराचा याजकच होता.

सातव्या वर्षीं यहोयादानें शतपतींस बोलाविलें, त्यांजकडून शपथ घेतली, व तो मुलगा त्यांस दाखविला. मंदिरांत ठेवलेले दावीद राजाचे भाले व ढाली त्यांच्या हातीं दिल्या. मुलाच्या मस्तकावर मुकुट ठेवला, त्याला साक्षपट दिला, अभिषेक केला, आणि लोकांनीं टाळ्या वाजवून जयघोष केला. लोकांचा गलबला ऐकून अथल्या आली. पण तिचा शेवट त्याच दिवशीं झाला. मग परमेश्वर, राजा व प्रजा ह्यांजमध्यें करार करण्यांत आला. सात वर्षांच्या मुलाला त्या कराराचा अर्थ कितपत कळला असेल? शब्द यहोयादाचे होते. मुलानें ते आपले म्हणून घेतले. ह्यांत कांहीं गैर आहे असें नव्हे. आपल्यापैकीं पुष्कळांचा बाप्तिस्मा बाळपणींच झाला, आणि त्या वेळचीं वचनें आपल्या वतीनें आईबापांनींच दिलीं. कधीं ना कधीं तीं वचनें आपल्या तोंडानें पुन्हां द्यावीं लागतात, हें मात्र विसरतां येत नाहीं.

योवाश मोठा झाला, आणि मंदिर दुरुस्त करावें असें त्याच्या मनांत आलें. अथल्येच्या मुलांनीं त्याची मोडतोड केली होती व तेथील पवित्र वस्तू बआलाच्या कामीं लाविल्या होत्या. राजानें याजकांस पैसा गोळा करावयास सांगितलें. परंतु राज्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत भगदाडें तशींच राहिलीं. तेव्हां तिशीला आलेल्या त्या राजानें खुद्द यहोयादाला बोलावून जाब विचारला. मग एक पेटी करविली, तिच्या झांकणाला भोंक पाडलें, व लोकांनीं आपलें देणें तींत टाकावें असें ठरलें. (आमच्या मंडळ्यांतील दानपेटीची ही पणजी म्हणावयास हरकत नाहीं.) लोकांनीं आनंदानें पेटी भरली. राजाचा लेखक व मुख्य याजक येऊन पैसा मोजीत, थैल्यांत बांधीत व कामाच्या देखरेखीवरील माणसांच्या हवालीं करीत. त्यांतून सुतार, गवंडी व पाथरवट ह्यांस मजुरी मिळे, लांकूड व घडीव दगड घेतले जात. ह्या देखरेख करणाऱ्यांजवळ कोणी हिशेब मागत नसे, कारण ते इमानानें वागत. शाळेच्या जमाखर्चाच्या वह्या जुळवितांना ज्यांचा मार्च महिना निघून जातो, त्यांना शास्त्रांतील ह्या एका गोष्टीचा किंचित् हेवा वाटल्याशिवाय राहत नाहीं.

हें सर्व पाहतां योवाश दांभिक होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. देवाच्या घराविषयीं त्याला खरी आस्था होती. याजकांच्या दिरंगाईवर बोट ठेवण्याइतकी ती जागृत होती. तरी दोन्ही पुस्तकांच्या लेखकांनीं त्याच्या चांगुलपणाला एक मर्यादा घालून ठेवली आहे. तो नीट वागला तो यहोयादा होता तोंवर, यहोयादा शिकवीत होता तोंवर. आम्हीं हा भाग अनेक वेळां वर्गांत वाचला असेल; पण त्या चार शब्दांवर आमची नजर बराच काळ अडली नव्हती. ती अडली त्याचें कारण येथें सांगितलें पाहिजे.

आम्ही मिशनच्या बोर्डिंगांत वाढलों. पहांटे घंटा होई, आम्ही उठूं. दुसरी घंटा होई, आम्ही प्रार्थनेला बसूं. शास्त्राच्या परीक्षेंत आमचा पहिला क्रमांक कधीं चुकला नाहीं, व त्याचा आम्हांस अभिमानही होता. पुढें कॉलेजासाठीं शहरांत गेलों. तेथें घंटा नव्हती. आमच्या विश्वासाला कोणी विरोध केला, कोणी थट्टा केली, असें कांहीं घडलें नाहीं. तसें घडतें तर कदाचित् आम्ही हट्टानें टिकलोंही असतों. सकाळीं उशिरां जाग येऊं लागली, रविवारीं मित्रांचे बेत ठरूं लागले, एवढेंच. नाताळांत घरीं आलों तेव्हां आईनें रात्रींच्या प्रार्थनेला आमचेंच पवित्रशास्त्र आमच्या हातीं दिलें. निघतांना जून महिन्यांत आम्हीं यिर्मयाच्या पुस्तकांत शाळेच्या वहीचा एक फाडलेला कागद खूण म्हणून घातला होता. ती खूण त्याच पानावर होती. आईनें ती पाहिली. ती कांहीं बोलली नाहीं. दिवा थोडा जवळ सरकविला व आम्ही वाचण्याची वाट पाहत बसली. त्या रात्रीं आम्हांस कळलें कीं, ज्याला आम्ही आमची भक्ति समजत होतों त्यांतील पुष्कळ भाग घंटेचा होता.

यहोयादा १३० वर्षांचा होऊन मरण पावला. तो राजा नव्हता. तरी त्यानें इस्राएलांत देवासाठीं व मंदिरासाठीं जें केलें त्याजमुळें लोकांनीं त्याला दावीदनगरांत राजांच्या कबरस्थानांत पुरलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

त्याच्या मृत्यूनंतर यहूदाचे सरदार राजाकडे आले व त्यांनीं त्याला लवून मुजरा केला. ते काय बोलले हें शास्त्रांत दिलेलें नाहीं. मुजऱ्याची नोंद आहे, आणि राजानें त्यांचें ऐकिलें ही नोंद आहे. आमच्या मतें ह्या प्रकरणांतील अत्यंत बोलकी जागा हीच. आयुष्यभर ज्याला कोणीतरी ‘असें कर, असें करूं नको’ म्हणून सांगत आला, त्याच्यापुढें आज मोठमोठीं माणसें वांकलीं. ‘आतां आपण मोठे झालां, आतां कोणाला विचारावयाचें?’ हा भाव शब्दांवांचूनही समजतो. देवापासून दूर नेणारा मनुष्य डोळे वटारून येतो अशी आपली उगीच समजूत असते. तो बहुधा हंसतमुख असतो, आपल्या बुद्धीची वाखाणणी करतो, चहा पाजतो, आणि आपल्याला मोठें झाल्यासारखें वाटावयास लावतो. योवाशानें परमेश्वराचा उघड धिक्कार केल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. त्यानें फक्त ऐकिलें. मग तो व त्याचे सरदार मंदिर सोडून अशेरा मूर्तींच्या व इतर मूर्तींच्या भजनीं लागले.

देवानें संदेष्टे पाठविले, पण कोणी कान दिला नाहीं. शेवटीं यहोयादाचा पुत्र जखऱ्या हा लोकांपुढें उंच जागीं उभा राहिला व त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, तुम्हीं परमेश्वराला सोडलें म्हणून त्यानेंही तुम्हांला सोडलें आहे. तेव्हां राजाच्या आज्ञेवरून मंदिराच्या अंगणांत त्याला दगडमार करण्यांत आला. ज्या मंदिरानें योवाशाला सहा वर्षें पोटाशीं धरिलें, ज्याच्या भिंती त्यानें स्वतः सांधविल्या, त्याच्याच अंगणांत आपल्या रक्षणकर्त्याच्या मुलाचें रक्त त्यानें सांडविलें. यहोयादाचे उपकार राजाला आठवले नाहींत, असें लेखक खेदानें नमूद करतो. मरतांना जखऱ्यानें हा न्याय परमेश्वराच्या हवालीं केला. इब्री पवित्रशास्त्राच्या क्रमांत इतिहासाचें पुस्तक अगदीं शेवटीं येतें. म्हणून प्रभु येशूनें निर्दोष रक्ताविषयीं बोलतांना हाबेलापासून जखऱ्यापर्यंत असा जो उल्लेख केला, तो ह्याच जखऱ्याविषयीं असावा असें पुष्कळ टीकाकार समजतात.

वर्ष सरतें न सरतें तोंच अरामी सैन्य आलें. तें लहान होतें. यहूदाचें सैन्य मोठें असूनही त्यापुढें टिकलें नाहीं, आणि मुजरा करणारे ते सरदार त्यांत मारले गेले. अरामाचा राजा हजाएल ह्यानें गथ शहर घेतल्याचें राजांच्या पुस्तकांत आहे. आजचें तेल एस्-साफी हेंच तें गथ, असें बहुतेक संशोधक मानतात. तेथें १९९६ पासून झालेल्या उत्खननांत इ. स. पूर्वीं नवव्या शतकाच्या उत्तरार्धांतील विध्वंसाचा थर व शहराला वेढा घालण्यासाठीं खणलेला लांब खंदक सांपडला. हजाएलाच्याच स्वारीच्या त्या खुणा असें संशोधकांचें मत आहे. गथ घेतल्यावर त्यानें यरुशलेमेकडे तोंड वळविलें. तेव्हां योवाशानें काय केलें? आपल्या पूर्वजांनीं व स्वतः आपण वाहिलेल्या पवित्र वस्तू, मंदिराच्या व राजवाड्याच्या भांडारांतील सारें सोनें, हें सर्व काढून त्यानें हजाएलाकडे पाठवून दिलें. पेटीला भोंक पाडून ज्यानें मंदिरासाठीं नाणें नाणें जमविलें, त्यानेंच मंदिर रितें केलें.

देवाला सोडल्याचा परिणाम म्हणजे आकाशांतून पडणारी वीज, असें आमच्या पुष्कळ मुलांस वाटतें. आणि वीज पडली नाहीं म्हणजे कांहीं बिघडलें नाहीं, असाही निष्कर्ष तीं काढतात. योवाशाच्या चरित्रांत वीज नाहीं. आहे ती माणसाची हळूहळू होत गेलेली पालट: उपकार विसरणारा, सत्य सांगणाऱ्याला मारणारा, आणि भीतीपोटीं आपलीच आयुष्यभराची कमाई शत्रूच्या हातीं देणारा. ह्यांतील एकही गोष्ट पहिल्या मुजऱ्याच्या दिवशीं त्याला कोणी सांगितली असती तर त्याला ती खरी वाटली नसती.

यहोयादाचें कोठें चुकलें काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांस व पालकांस टाळतां येत नाहीं. त्यानें मुलाला वांचविलें, शिकविलें, राज्यावर बसविलें, त्याला दोन बायकाही करून दिल्या. त्याच्या निष्ठेंत खोट काढण्याची आमची छाती नाहीं. तरी शिकविणारा फार समर्थ असला कीं शिकणाऱ्याला स्वतः देवापुढें एकटें उभें राहण्याची संवय लागत नाहीं, ही भीति आम्हांस वाटते. यंदापासून वरच्या वर्गाच्या मुलांनीं शनिवारची सकाळची प्रार्थना घंटेवांचून, आपण होऊन करावी, असा प्रयोग आम्हीं चालविला आहे. पहिल्या शनिवारीं तीन मुलें आलीं. पालकांपैकीं एकदोघांनीं ह्याला शिस्तीची ढिलाई म्हटलें. त्यांचें म्हणणें आम्हीं ऐकून घेतलें, पण प्रयोग चालूच आहे.

अरामी लोक योवाशाला गंभीर जखमी अवस्थेंत टाकून गेले. त्याच्याच चाकरांनीं, यहोयादाच्या घराण्याचें रक्त त्यानें सांडिलें म्हणून, कट करून त्याला बिछान्यावर ठार केलें. बाळपणीं जो शयनगृहांत लपून वांचला, तो बिछान्यावरच मारला गेला. त्याला दावीदनगरांत पुरलें, पण राजांच्या कबरस्थानांत नव्हे. याजकाला तेथें जागा मिळाली. राजाला मिळाली नाहीं.

त्याच्यामागून त्याचा पुत्र अमस्या राज्यावर आला. त्याजविषयींही लेखकानें लिहिलें आहे कीं तो नीट वागला, पण पूर्ण मनानें नव्हे. आणि दुसऱ्या ठिकाणीं, त्यानें सर्व कांहीं आपला बाप योवाश ह्याच्याप्रमाणें केलें. पुढें त्यानें अदोमी लोकांचे देव घरीं आणून त्यांस नमन केलें, आणि लाखीश येथें, पळून गेला असतां, तोही कटवाल्यांच्या हातून मेला.