पुढे छोटा पंख असलेले विमान

फवारणीचे विमान पिकालगत, हळू उडते. वेग घटून नाक फार वर गेल्यास पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, उचल एकदम घटते आणि सावरण्यास उंची उरत नाही. हा धोका कमी व्हावा म्हणून अमेरिकेचे बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात हलक्या विमानांना शेपटीऐवजी नाकाजवळ छोटा पंख दिला. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने याच धर्तीचे संशोधन विमान १९८७ मध्ये उडविले. यात पुढचा पंख आधी उचल सोडतो, नाक आपोआप खाली येते व मुख्य पंखाची उचल टिकते.

मात्र भार मागे सरकल्यास हा लाभ जातो. बिलोलीच्या बाजाराला कापूस नेताना गाडी उलाळ होऊ नये, ही काळजी आपण घेताच. फवारणीच्या ड्रोनमध्येही ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त द्रावण भरू नये.