कळीचा चुना आणि उसाचा रस

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. साखर पांढरी करणाऱ्या चुन्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो. ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीचा धूर निराळाच. आम्लयुक्त सांडपाणी चुन्याने उदासीन करताना ही वजाबाकीही ध्यानात असावी.

उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो. तो तसाच तापविल्यास साखरेचे विघटन होते. म्हणून त्यात पाण्यात विरवलेला चुना मिसळून सल्फर डायऑक्साइड वायू सोडतात. हा वायू व रसातील फॉस्फेट यांच्याशी चुन्याचा संयोग होऊन साका बनतो. तो मळ व रंगद्रव्ये घेऊन तळाशी बसतो आणि वर नितळ रस राहतो. गुऱ्हाळातील गुळव्याही काहिलीत भेंडीचा रस व चुना घालून मळी काढतो, ती काही सूत्र पाहून नव्हे!

जयंतीपूर्वी घराला सफेदी देण्यासाठी आपणही चुना विरवतो. त्या वेळी तो उकळून उडतो. चुन्यावर पाणी ओतू नये. भरपूर पाण्यात चुना थोडाथोडा सोडावा, मुलांना दूर ठेवावे. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे भाजल्याच्या नोंदी नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. डोळा न चोळता तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा व लगेच रुग्णालय गाठावे.