पेनिसिलिनच्या कारखान्यातील हवा

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. अशा कारखान्यात प्रथम दृष्टीस पडतात त्या उंच पोलादी टाक्या व नळांचे जाळे. परंतु तेथील सर्वांत कष्टसाध्य वस्तू डोळ्यांस दिसत नाही. ती म्हणजे निर्जंतुक हवा.

पेनिसिलिन निर्माण करणाऱ्या बुरशीस प्राणवायू लागतो. ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञ १९४०-४१ मध्ये ती उथळ भांड्यांत द्रवाच्या पृष्ठभागावर वाढवीत. उत्पन्न इतके अल्प असे की, रोग्याच्या मूत्रातून औषध पुन्हा काढून घ्यावे लागे. १९४४ साली ब्रुकलिन येथे फायझर कंपनीने ७,५०० गॅलनांच्या चौदा टाक्या चालू केल्या, तेव्हा चित्र पालटले. खोल टाकीच्या तळाशी हवा सोडून आणि द्रव सतत घुसळून बुरशी सर्वत्र वाढविणे आता शक्य झाले होते.

टाकीत शर्करा, क्षार व मका भिजविल्यावर उरणारा अर्क यांचे मिश्रण असते. ते वाफेने सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून निवविले जाते व मग त्यात लहान टाकीत वाढविलेली बुरशी सोडतात. पुढे कित्येक दिवस, २५ अंशांच्या आसपास, गाळलेली हवा अखंड आत जात राहते. येथे धोका असा की, बुरशीस जे अन्न रुचते तेच जंतूंनाही रुचते, आणि जंतू तिच्यापेक्षा पुष्कळ वेगाने वाढतात. त्यांपैकी काही पेनिसिलिनेज नावाचे विकर निर्माण करतात. हे विकर पेनिसिलिनच्या रेणूतील मर्मस्थानी असलेले वलय फोडते. औषध जसजसे तयार व्हावे तसतसे ते नष्ट होते. एखादी झडप किंचित गळली, तरी सबंध टाकी ओतून देण्याची पाळी येऊ शकते. म्हणूनच वेळोवेळी नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

किण्वन पुरे झाल्यावर बुरशी गाळून काढतात. उरलेला द्रव थंड करून, अम्ल घालून, ब्यूटिल अॅसिटेटसारख्या विद्रावकात पेनिसिलिन ओढून घेतात. हे काम त्वरेने उरकावे लागते, कारण अम्लात पेनिसिलिन फार काळ टिकत नाही. शेवटी त्याच्या क्षाराचे स्फटिक मिळतात.

सर्वच विकरे मात्र या उद्योगाची वैरी नव्हेत. पेनिसिलिन अॅसिलेज हे विकर मधल्या वलयास धक्का न लावता रेणूची केवळ बाजूची शाखा तोडते. उरलेल्या गाभ्यास ६-अमिनोपेनिसिलॅनिक अम्ल म्हणतात. त्यास निराळी शाखा जोडली की अॅम्पिसिलिनसारखी औषधे होतात. रासायनिक पद्धतीने ही शाखा तोडताना शून्याखाली सुमारे ४० अंशांपर्यंत थंडी राखावी लागे. विकर तेच काम कोमट पाण्यात करते, आणि बारीक कणांवर बांधून ठेवल्यास तेच विकर पुन्हा पुन्हा वापरता येते.