हौसेचे मोल

'हौसेला मोल नसते' असे आपण नेहमी ऐकतो. हे वचन अर्धेच खरे आहे. हौसेपासून मिळणाऱ्या आनंदाचे मोल करता येत नाही, हे खरे. परंतु हौसेपायी वेचलेल्या पैशाचे मोल मात्र करता येते, आणि पुष्कळदा ते घरातील दुसऱ्याच कोणाला तरी भरावे लागते. म्हणून एखादा छंद जडला की, त्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला वेळीच विचारावा. नाणी जमवण्याच्या छंदात तर तो अगदी प्रथम विचारला पाहिजे. कारण येथे पैसे देऊनच पैसे घ्यावयाचे असतात!

हा छंद मोठा ज्ञानदायक आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. ती १३,००० हून अधिक नाणी क्षत्रप राजा नहपान याची होती. परंतु त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा! नहपानाची सत्ता गौतमीपुत्राने नष्ट केली, या गोष्टीचा हा बोलका पुरावा ठरला. यातील एकेक नाणे निरनिराळ्या माणसांच्या पेटीत जाऊन पडले असते, तर हा इतिहास आपणांस इतका स्पष्ट कळला नसता. जमिनीत सापडलेले गुप्तधन सरकारला कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे, त्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

तात्पर्य, नाण्याचे खरे मोल त्याच्या धातूत नसून ते जे सांगते त्यात असते. आणि ते ऐकण्यासाठी फार पैसा लागत नाही. आपल्या खिशातील रुपयाच पाहा. त्यावरील वर्षाच्या अंकाखाली बारकाईने पाहिले, तर एखादी लहानशी खूण आढळते. चौकटच्या आकाराची खूण असेल, तर तो रुपया मुंबईच्या टाकसाळीत पाडलेला. तारा असेल, तर हैदराबादचा. वाटोळा ठिपका असेल, तर नोएडाचा. आणि कोणतीच खूण नसेल, तर तो कोलकात्याचा होय. निरनिराळ्या वर्षांचे व टाकसाळींचे असे पन्नास रुपये जमवले, तर खर्च किती झाला? काहीच नाही! कारण ते पन्नास रुपये पन्नासच राहतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या जुन्या डब्यातही पुष्कळ ठेवा असतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. त्या काळातील चौकोनी दोन आणे किंवा महायुद्धाच्या वेळी, १९४३ मध्ये, निघालेला भोकाचा पैसा आजीकडे सापडला, तर नाण्याबरोबर त्या दिवसांची हकिगतही फुकट मिळते.

ज्ञानाआधी पैसा धावला, म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या शाळेत आठवीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. जत्रेत एका विक्रेत्याने त्यास 'शिवरायांचा होन' दाखवला व किंमत आठशे रुपये सांगितली. मुलाच्या खिशात वडिलांनी सहलीच्या वर्गणीसाठी दिलेले पैसे होते. ते त्याने देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सराफाने ते नाणे कसोटीवर घासून पाहिले, तो पितळेवर सोन्याचा मुलामा! वडील मोलमजुरी करणारे. ते रागावले नाहीत. "आठ दिवस कमी खाऊ," एवढेच म्हणाले. त्या शब्दांनी मुलाची मान खाली गेली. शिवछत्रपतींचे सोन्याचे होन अत्यंत दुर्मीळ असून, ते जत्रेत आठशे रुपयांस मिळणे शक्य नाही, एवढे त्यास ठाऊक असते, तर ही पाळी आली नसती. त्यांची तांब्याची शिवराई मात्र पुष्कळ संग्रहांत दिसते. तिच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. ती संग्रहालयात नीट पाहावी, आणि मगच बाजारात जावे.

मग खर्चाची मर्यादा कशी ठरवावी? 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथे उपयोगी पडते. समजा, तुम्हांस महिन्याला १०० रुपये मिळतात. त्यांतील पन्नास शिलकीत टाकावे, तीस नेहमीच्या गरजांस ठेवावे आणि वीसच छंदाला द्यावे. वर्षाचे २४० रुपये झाले. त्यांतून प्रथम एक भिंग, एक नोंदवही व कागदी पाकिटे घ्यावी, नाणे त्यानंतर. मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी ठरवावी. कारण नाणे हाती आल्यावर मन हिशेब ऐकत नाही. छंदासाठी कधीही उसने घेऊ नये. पुढे महाग विकू, या आशेनेही खर्च करू नये; विकणारा जी किंमत घेतो, ती परत घेताना देत नाही. जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्याने अक्षरांची धार जाते व किंमत वाढण्याऐवजी घटते.

जुन्या नाण्यास लाखो रुपये मिळतील, अशा जाहिरातींसही भुलू नये. रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून काही लोक अशा व्यवहारासाठी आधी शुल्क मागतात, तेव्हा सावध राहा, असे त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

मुलांनो, संग्रह मोठा की लहान, हे नाण्यांच्या संख्येवरून वा त्यांवर झालेल्या खर्चावरून ठरत नाही. ज्याच्याजवळ शंभर नाणी आहेत, पण एकाचीही माहिती नाही, तो केवळ त्यांचा राखणदार होय. ज्याच्याजवळ दहाच आहेत, परंतु त्या दहांची हकिगत जो सांगू शकतो, तोच खरा संग्राहक. छंदाने माणूस समृद्ध व्हावा, ऋणी होऊ नये.

स्वाध्याय

१. जोगलटेंभीच्या नाण्यांवरून कोणती ऐतिहासिक गोष्ट सिद्ध झाली?
२. 'आठ दिवस कमी खाऊ,' या शब्दांनी मुलाची मान खाली का गेली?
३. खर्चाची मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी का ठरवावी?
४. 'राखणदार' व 'संग्राहक' यांतील भेद स्पष्ट करा.
५. घरातील दहा नाणी पाहून त्यांची वर्षे व टाकसाळी वहीत नोंदवा.