बिबट्याच्या गावात शाळा पुन्हा भरवताना

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं तीन आठवड्यांत तीन जीव घेतले. त्यात दोन लेकरं होती. गावकरी रस्त्यावर उतरले, पिंजरे लागले, बिबट्याला गोळी घालावी लागली, शाळांची वेळ साडेनऊ ते चार झाली. पण घंटा झाल्यावर वर्गात येऊन बसलेल्या पोरांच्या पोटातल्या गोळ्याचं काय करायचं, हे शाळेलाच बघावं लागतं. दौंडकडे भीमेच्या काठानंही ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, म्हणून शाळा पुन्हा भरवण्याची ही कृती दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी लिहितो आहे.

सुरुवात मुलांपासून करू नका, शिक्षकांपासून करा. शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापकांनी सगळ्यांना घेऊन पंधरा मिनिटं चहाला बसावं. कोण किती लांबून गाडीवर येतं, कुणाच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस आहे, कुणाला रात्री झोप लागत नाही, हे विचारावं. द्विशिक्षकी शाळा असेल तर दोघांनी एकमेकांना विचारावं. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी कुणीही, विशेषतः एकट्या बाईंनी, दिवस मावळेपर्यंत शाळेत थांबायचं नाही, हे तिथंच ठरवून टाकावं. ज्याचे स्वतःचे हात थरथरतात त्यानं पहिला तास घेऊ नये, सहकाऱ्याला द्यावा. त्यात कमीपणा नाही.

परिपाठ नेहमीसारखाच होऊ द्या. तीच प्रार्थना, तीच हजेरी, त्याच रांगा. घरी सगळं उलटंपालटं झालेलं असतं, तेव्हा शाळेतलं जुनं तसंच राहिलेलं पाहून पोरं अर्धी सावरतात. मग घडलेलं दोन-तीन साध्या वाक्यांत सांगा. काय झालं, आता काय व्यवस्था केली आहे, आज घरी कोण सोडणार. तपशील नको. "घाबरू नका" हे तर अजिबात नको, कारण ते ऐकून मूल घाबरायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं. "भीती वाटणारच, मलाही वाटली" असं म्हणा आणि गप्प राहून ऐका. ज्याला बोलायचं नाही त्याला बोलतं करू नका. सगळ्यांना बिबट्याचं चित्र काढायलाही लावू नका. कागद-खडू द्या, ज्याला जे सुचेल ते काढू दे.

तिसरीतलं एखादं पोर सकाळपासून लघवीला गेलेलं नसतं. मुतारी शाळेच्या मागं, उसाच्या बांधाला लागून. विचारलं तर "नाही लागली" म्हणतं, आणि खिचडीच्या वेळी पाणीही पीत नाही. अशा पोराला समुपदेशनाआधी सोबत हवी असते. जोडीजोडीनं पाठवा, दाराशी मोठं माणूस उभं करा, मागचं गवत-झुडूप ग्रामपंचायतीकडून त्याच दिवशी काढून घ्या. खिचडीचं उष्टं उघड्यावर टाकू नका. उष्ट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो.

आता भीतीला काम द्या. माझ्या मते या कृतीतला सगळ्यात गुणकारी भाग हाच. वस्तीवार टोळ्या करा: पुढं एक मोठं माणूस, मागं एक, लहानगी मध्ये, मोठ्यानं बोलत-गात चालायचं. मैदानावर सराव घ्या. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही. एकमेकांना चिकटून उभं राहायचं, लहानग्याला उचलून घ्यायचं, हात वर करून ओरडायचं, त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरायचं. वन विभागाचा 1926 हा क्रमांक सगळ्यांकडून पाठ करून घ्या. सरावानंतर छाती धडधडत असेल तर नाकानं तीन आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि गरम भाकरीवर फुंकर घालावी तसा पाच आकडे सोडायचा. हा श्वास शिक्षकांनीही घ्यावा.

ज्या घरात मूल गेलं, तिथलं भावंड शाळेत यायच्या आधी त्याच्या घरी जाऊन या. त्याला कुठं बसायला आवडेल ते विचारा. वर्गाला आधी बजावून ठेवा: "कसं झालं रे?" असं कुणी विचारायचं नाही, खेळायला मात्र बोलवायचं. गेलेल्या मुलाची जागा घाईनं भरू नका, हजेरीतलं नाव गुपचूप वगळू नका. वर्गाशी बोलून, निरोप देऊन मग ते करा.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लवकर घ्या. पालकांना दोनच गोष्टी सांगा: मोबाइलवरचे बिबट्याचे व्हिडिओ मुलांना दाखवू नका, त्यातले कित्येक बनावट असतात; आणि "गप बस, नाहीतर बिबट्या येईल" हे वाक्य घरातून बंद करा.

झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, आईचा पदर न सोडणं हे पहिले काही आठवडे होतंच. महिना उलटूनही कमी झालं नाही, किंवा मूल खाणं-बोलणंच सोडून बसलं, तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, शिक्षकांसाठीही आहे. तिथून पुढं जिल्ह्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचता येतं.

एक राहिलं. गाळप सुरू झालं की बीड-नगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात आणि फडाशेजारी कोप्या टाकतात. आई-बाप पहाटे तोडीला गेले की पोरं कोपीत किंवा बांधावर एकटी असतात, बिबट्याच्या सगळ्यात जवळ, आणि आपल्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं. या हंगामात शाळेतल्या कुणी तरी फडावर चक्कर मारावी, त्या पोरांची नावं लिहून आणावीत आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या टोळीत त्यांनाही शाळेला आणावं.