अंगावर काढू नकोस

चि. सौ. मनीषास,

परवा फोनवर म्हणालीस, "मला काही त्रासच नाही, तपासणी कशाला?" घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले.

अगं, त्रास नसतो तेव्हाच जायचं असतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही विषाणूमुळं. संबंधातून तो बहुतेकींना कधी ना कधी लागतो आणि आपसूक जातोही. ठाण मांडलं, तरी रोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. तुमच्या ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही ना? हाही स्लोनंच येतो. वाटेत उतरवता येतो.

आपल्या धाराशिवकडं १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची माणसं गावोगाव फिरली. तिशी ते साठीच्या आतल्या १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या. एचपीव्हीची तपासणी झालेल्या गावांत आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळजवळ निम्मेच झाले. तपासणी केली होती एकदाच, बरं का! मी गेले होते. मोठी जाऊ लाजली. पुढं संबंधानंतर रक्त जायला लागलं, तेही तिनं दोन वर्षं अंगावर काढलं. मग उपाय उरला नाही.

तू चौतीसची. डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात नाहीतर कल्याणच्या रुक्मिणीबाईत चौकशी कर. एचपीव्हीची सोय नसेल तर व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभरानं बघतात. पांढरा डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. असे डाग गोठवून नाहीतर शेकून काढता येतात. आणि विषाणू निघाला तर जावईबापूंवर संशय घेऊ नकोस. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतो.

तुझी सई अकराची झाली. तिला लस आत्ताच दे, संबंधांचं वय येण्याआधी. पुण्याच्या सीरमची आहे, सर्व्हाव्हॅक. "एवढ्या लहान मुलीला?" असं सासूबाई म्हणतील. म्हणू देत. लस घेतली तरी तिशीनंतर तिची तपासणी चुकवायची नाही. सासूबाईंना मात्र एक विचार: पाळी गेल्यावर पुन्हा कधी लाल दिसलं का? दिसलं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

आणि नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल" म्हणालं, तर तिथून उठून ये. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या अशाच पिशव्या काढल्या, ते २०१९ साली पेपरात वाचलंस ना?

पाळी संपल्यावर आठवड्याभरात तपासणीला जा. मी मंगळवारी फोन करीन, तेव्हा सईच्या लशीचं आधी सांग.

तुझी मावशी